बावची, सुरकुत्या आणि व्यतिरेक पद्धती

गेल्या वर्षी फाल्गुनात माझ्या आत्याचा चेहरा माझ्यामुळे भाजला. हे वाक्य लेखाच्या शेवटी कुठेतरी घालावे असे आधी मनात होते. पण ते पोटात ठेवून पुढचे काहीच लिहिता येईना. म्हणून ते पहिल्यानेच लिहून मोकळी होते.

मी कॉलेजसाठी आत्याकडे पिंपरी पेंढारला राहते. कल्याण-नगर रस्त्याने ओतूर सोडून आळेफाट्याकडे निघाले की वाटेत हे गाव लागते. आत्याचे वय सत्तेचाळीस. त्यातली पंचवीस वर्षे कांदा लावणे, खुरपणे आणि काढणे यांत गेली. बिबट्याच्या धास्तीने आमच्याकडच्या बायका उन्हे वर आल्याखेरीज रानात उतरत नाहीत आणि दिवस कलायच्या आत घरी परततात. म्हणजे शेतातला सगळा वेळ नेमका भर उन्हाचा. तिच्या कपाळावर आडव्या रेघा, डोळ्यांच्या कडांना जाळे आणि हातांची पाठ उन्हाळ्यात आटलेल्या तळ्याच्या तळासारखी. या साऱ्याचे तिला कधी काही वाटल्याचे मला दिसले नव्हते. पण थोरल्या मुलीचे लग्न वैशाखात ठरले आणि एक दिवस आरशासमोर उभी राहून ती म्हणाली, "पोरीच्या फोटोत मी तिची आजीच दिसायची गं."

तेव्हा मला शहाणपण सुचले. बाकुचिओल नावाचे एक द्रव्य सुरकुत्या घालवते, ते बावचीच्या बियांत असते आणि त्याची एवढीशी बाटली पुष्कळ किमतीला विकली जाते, असे मी वाचले होते. बावची तर आपली घरचीच! काष्ठौषधींच्या दुकानात बावच्या थोडक्या पैशांत मिळतात. मी पावशेर आणल्या, कुटल्या, खोबरेल तेलात कढवल्या, फडक्याने गाळल्या आणि बाटली आत्याच्या हातात दिली. "सकाळी आंघोळ झाली की लावत जा," हेही मीच सांगितले. तिने तोंडाला आणि हातांच्या पाठीला ते तेल चोळले आणि ती कांदा काढायला गेली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लाली आली, आग होऊ लागली. तिसऱ्या दिवशी गालांवर आणि कपाळावर फोड होते.

त्वचारोगतज्ज्ञांनी बाटलीचा वास घेतला आणि पहिला प्रश्न विचारला, "हे लावून उन्हात गेला होता का?" बावचीत सोरालेन नावाचे द्रव्य असते. ते कातडीवर असताना ऊन लागले की कातडी भाजते. आयुर्वेदात बावची कोडावर देतात ती याच गुणामुळे. सोरालेन आणि प्रकाश मिळून पांढऱ्या डागात पुन्हा रंग भरू शकतात. पण त्याला मात्रा असते, उन्हाचा हिशेब असतो, वैद्याची नजर असते. आमच्याकडे यांपैकी काही नव्हते. फोड आठवडाभरात सुकले. काळे डाग राहिले. लग्नाच्या प्रत्येक फोटोत आत्याने पदर पुढे ओढलेला आहे.

सुरकुत्या घालवणारी म्हणून जी द्रव्ये कातडीवर लावतात ती खरोखर गुण देतात की नाही, हे ठरवायचे कसे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. विषय विज्ञान शाखेचा आहे असे कोणी म्हणेल. मला तो तर्कशास्त्राचा वाटतो. आणि तर्कशास्त्र हा आमचा पेपर असल्यामुळे कला महाविद्यालयाच्या अंकात तो मांडताना मला संकोच वाटत नाही.

प्रथम माझी पहिली चूक. बाकुचिओल हे द्रव्य परदेशी कंपन्यांच्या जाहिरातींतून आपल्यापर्यंत आले, पण ते प्रथम वेगळे काढले गेले आपल्या पुण्यात, पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत. गोवर्धन मेहता, रामदास नायक आणि सुख देव यांनी बावचीच्या बियांतून ते काढून त्यावरचा निबंध १९६६ साली प्रसिद्ध केला. सविस्तर काम १९७३ साली छापून आले. त्यांच्या निबंधांचा विषय सुरकुत्या नव्हताच. वनस्पतींमधल्या द्रव्यांची रचना उलगडणे हा त्यांचा उद्योग होता आणि त्यांनी द्रव्याला नाव दिले ते बाकुची या संस्कृत नावावरून. पुण्यापासून आमचे गाव शंभर किलोमीटरांच्या आत. पण हे मला कळले ते आत्याचा चेहरा भाजल्यानंतर.

बावची म्हणजे बाकुचिओल नव्हे. त्या एवढ्याशा काळ्या बीत बाकुचिओल आहे, तसेच सोरालेन आहे, इतरही पुष्कळ काही आहे. मलमासाठी बाकुचिओल वापरायचे तर ते शुद्ध करून, सोरालेन काढून टाकून घ्यावे लागते. उसात साखर असते म्हणून चहात चिपाड टाकावे, तसला माझा न्याय झाला. अंशाबद्दल जे खरे ते समग्राबद्दल खरे धरणे हा दोष मी परीक्षेत उदाहरणासह लिहिला होता आणि त्याला पूर्ण गुण मिळाले होते, हे सांगायला लाज वाटते.

दुसरा प्रश्न त्याहून अवघड. निदान शुद्ध बाकुचिओल तरी सुरकुत्या घालवते काय?

या द्रव्याची जी परीक्षा सर्वांत जास्त सांगितली जाते ती अमेरिकेतली. ब्रिटनच्या त्वचारोगविषयक नियतकालिकात ती २०१९ साली प्रसिद्ध झाली. चव्वेचाळीस माणसे घेतली. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट पाडले. एका गटाने अर्धा टक्का बाकुचिओलचे मलम दिवसातून दोनदा लावले, दुसऱ्याने अर्धा टक्का रेटिनॉलचे मलम एकदा. रेटिनॉल म्हणजे अ जीवनसत्त्वाचे एक रूप. बारा आठवड्यांनी छायाचित्रे तपासली तेव्हा दोन्ही गटांच्या सुरकुत्या आणि डाग कमी झालेले आढळले. दोहोंत म्हणण्याजोगा फरक नव्हता. रेटिनॉलवाल्यांची कातडी मात्र अधिक सुटली आणि अधिक चुरचुरली. यावरून जाहिरातदारांनी निष्कर्ष काढला की बाकुचिओल रेटिनॉलइतकेच गुणकारी, शिवाय सौम्य.

मीही हाच निष्कर्ष काढला होता. आता पुन्हा पाहू. जॉन स्टुअर्ट मिलने १८४३ च्या आपल्या ग्रंथात कारण शोधण्याच्या पद्धती सांगितल्या, त्यांत व्यतिरेक पद्धती फार मोलाची आहे. दोन प्रसंग असे घ्यावेत की ते सर्व बाबतींत सारखे आहेत, फक्त एका प्रसंगी संशयित कारण आहे आणि दुसऱ्या प्रसंगी नाही. कार्य पहिल्यात घडले आणि दुसऱ्यात घडले नाही, तर ते कारण मानायला आधार मिळतो. या परीक्षेत 'संशयित कारण नाही' असा प्रसंग कुठे आहे? एका गटाला बाकुचिओल, दुसऱ्याला रेटिनॉल. ज्या मलमात दोन्हींपैकी काहीच नाही, ते कोरे मलम लावणारा तिसरा गटच नाही! दोन्ही गट सुधारले ते द्रव्यांमुळे, की नुसत्या मलमामुळे? शिवाय एक दिवसातून दोनदा लावतो आणि दुसरा एकदा. म्हणजे मलमाचा ओलावाही सारखा नाही. ही परीक्षा निरुपयोगी आहे असे मी म्हणत नाही. ती ज्या प्रश्नाचे उत्तर देते तो प्रश्न वेगळा आहे, इतकेच.

कोऱ्या मलमाला मी एवढे महत्त्व का देते? त्याचे कारण कातडीच्या स्वभावात आहे. कातडीचा सर्वांत वरचा पापुद्रा मृत पेशींचा असतो. तो कोरडा पडला की बारीक रेघा उठून दिसतात. त्याला ओलावा मिळाला की तो थोडा फुगतो आणि रेघा बुजतात. मनुका पाण्यात घालावी तसे. कोणतेही बरे मलम, त्यात काही घातलेले असो वा नसो, हे काम थोडेबहुत करतेच. त्यात भर म्हणजे मलम लावणारा माणूस चेहरा अधिक जपू लागतो, उन्हात जाताना टापशी बांधतो. शिवाय पैसे खर्चून आणलेल्या वस्तूचा गुण दिसावा अशी मनाचीही ओढ असते. या सगळ्यांची बेरीज कोऱ्या मलमाच्या खात्यावर पडते. द्रव्याचा गुण म्हणजे त्या बेरजेच्या वर जे उरेल ते.

ही बेरीज किती मोठी असते याचा अंदाज इंग्लंडातल्या मँचेस्टर येथील एका परीक्षेवरून येतो. तिथल्या एका प्रसिद्ध औषधविक्रेत्या कंपनीच्या मलमाची ती परीक्षा होती आणि २००९ साली ती प्रसिद्ध झाली. साठ माणसे, सहा महिने. निम्म्यांना खरे मलम, निम्म्यांना कोरे. कोणाकडे काय आहे हे लावणाऱ्याला ठाऊक नाही आणि तपासणाऱ्यालाही नाही. सहा महिन्यांनी खऱ्या मलमाच्या गटात शेकडा ४३ जणांच्या चेहऱ्यावर सुधारणा दिसली. आणि कोऱ्या मलमाच्या गटात? शेकडा २२ जणांच्या! म्हणजे पाचांतला एक माणूस नुसत्या कोऱ्या मलमाने 'तरुण' झाला.

या परीक्षेची पुढची गोष्ट आमच्या वर्गात शिकवण्याजोगी आहे. संशोधकांनी प्रत्येक गटाची तुलना त्याच गटाच्या पहिल्या दिवसाशी केली. खऱ्या गटातला बदल संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला, कोऱ्या गटातला उतरला नाही. म्हणून मलम गुणकारी ठरवले. मार्टिन ब्लँड या संख्याशास्त्रज्ञाने आक्षेप घेतला की प्रश्न तो नव्हेच. दोन गटांची एकमेकांशी थेट तुलना करा. तशी केली असता, इतक्या थोड्या माणसांत तो फरक योगायोगाने पडलेला नाही असे छातीठोकपणे म्हणता येत नव्हते. एक धावपटू पात्रतेच्या वेळेत बसला आणि दुसरा थोडक्यात हुकला, एवढ्यावरून पहिला दुसऱ्याहून खात्रीने वेगवान ठरत नाही. दोघांना एकत्र धावायला लावावे लागते.

मग कोणतेच द्रव्य कसोटीला उतरत नाही काय? एक उतरले आहे: ट्रेटिनॉइन. हेही अ जीवनसत्त्वाच्याच कुळातले, पण रेटिनॉलहून प्रखर. आधी ते मुरमांवरचे औषध होते. अमेरिकेतले त्वचारोगतज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन यांच्याकडे येणाऱ्या मध्यमवयीन स्त्रिया सांगू लागल्या की मुरमे तर गेलीच, पण कातडीही नितळ झाली. यावर क्लिगमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ साली निबंध लिहिला. (याच क्लिगमन यांनी फिलाडेल्फियाच्या होम्सबर्ग तुरुंगातल्या कैद्यांच्या कातडीवर वर्षानुवर्षे प्रयोग केले, ते १९७४ साली बंद झाले. परीक्षेची पद्धत तर्कशुद्ध असणे आणि परीक्षा घेणारा न्यायी असणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे लिहिल्याशिवाय मला पुढे जाववत नाही.)

१९८८ साली मिशिगन विद्यापीठात त्याची रीतसर परीक्षा झाली आणि ती मला फार आवडली. तीस माणसांच्या एका हाताला कोपराखाली ट्रेटिनॉइनचे मलम, दुसऱ्या हाताला कोरे. मुदत सोळा आठवडे. माणूस तोच, वय तेच, आईबाप तेच, जेवण तेच. दोन हातांत फरक तेवढा द्रव्याचा. मिलला याहून चांगले उदाहरण मिळाले नसते! ट्रेटिनॉइनचा हात सुधारला, कोरा सुधारला नाही. तरी एक फट राहतेच. हे मलम लावणाऱ्या बहुतेकांची कातडी लाल झाली आणि सोलपटली. ज्याचा एक हात चुरचुरतो त्याला खरे मलम कुठे आहे हे कोणी सांगावे लागत नाही. डोळ्यांवरची पट्टी तिथेच सैल होते. पुढे आणखी परीक्षा झाल्या आणि १९९५ च्या अखेरीस अमेरिकी सरकारने बारीक सुरकुत्यांसाठी या औषधाला मान्यता दिली. ते औषध आहे, डॉक्टरांच्या चिठ्ठीने घ्यायचे, आणि गरोदरपणी टाळायचे. गुण येतो तोही बेताचा आणि सावकाश.

लवकर गुण आला म्हणजे द्रव्य चांगले, ही समजूत तर सर्वांत घातक. खेड्यापाड्यांतून विकल्या जाणाऱ्या कित्येक उजळपणाच्या मलमांत स्टेरॉइड असते. आठवड्यात चेहरा उजळतो, गुळगुळीत होतो. महिन्यांनी कातडी पातळ पडते, शिरा दिसू लागतात, आणि मलम थांबवले की चेहरा पेटतो. त्वचारोगतज्ज्ञांनी वर्षानुवर्षे ओरड केल्यावर २०१८ साली केंद्र सरकारने अशी चौदा स्टेरॉइडे चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. म्हणून परीक्षेत 'किती दिवसांनी पाहिले' हेही विचारले पाहिजे.

आता आत्याच्या कातडीकडे परत येते. डॉक्टरांनी तिला बांगड्या वर सारायला सांगितल्या आणि मला म्हणाले, "हे बघ." मनगटावर बांगड्यांखाली आणि दंडाच्या आतल्या बाजूला, जिथे पोलक्याची बाही असते, तिथे कातडी चक्क मऊ होती, तरुण होती. सत्तेचाळीस वर्षे दोन्ही ठिकाणी सारखीच झाली. व्यतिरेक पद्धती निसर्गाने आत्याच्या अंगावरच मांडून ठेवली होती आणि मी ती रोज पाहत असून पाहिली नव्हती. ज्याला आपण वय म्हणतो त्यातला मोठा वाटा उन्हाचा.

असेच एक छायाचित्र २०१२ साली अमेरिकेतल्या वैद्यकीय नियतकालिकात आले आणि जगभर गाजले. एकोणसत्तर वर्षांचा माणूस. अठ्ठावीस वर्षे मालाची गाडी चालवली. चेहऱ्याची डावी बाजू उजवीपेक्षा कितीतरी म्हातारी, कारण तिकडे चालक डावीकडे बसतो आणि खिडकीचे ऊन डाव्या गालावर येते. काच काही किरणे अडवते, पण कातडीत खोल जाणारे किरण तिच्यातून पार होतात. आमच्याकडच्या ट्रकवाल्यांचे उजवे गाल पाहायचे मी ठरवले आहे. आळेफाट्यावर नमुन्यांना तोटा नाही.

उन्हापासून आडोसा केला तर सुरकुत्या थांबतात काय, याची परीक्षा ऑस्ट्रेलियात नंबोर या गावी झाली. पंचावन्न वर्षांच्या आतली ९०३ माणसे, साडेचार वर्षे, १९९२ ते १९९६. चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या निम्म्यांना ऊनरोधक मलम रोज लावायला सांगितले. बाकीच्यांनी पूर्वीप्रमाणे मर्जीनुसार लावावे. कोरे मलम मात्र कोणाला दिले नाही. त्या देशात कातडीचा कर्करोग फार. फसवे मलम देऊन लोकांना उन्हात पाठवणे अन्याय ठरला असता. मापनाची रीत तर अशी की ऐकून हसू येते: हाताच्या पाठीचा सिलिकॉनचा ठसा घ्यायचा, पायलीवरच्या छापासारखा, आणि त्यातल्या रेघांची जाळी भिंगाखाली तपासायची. २०१३ साली निष्कर्ष आला. रोज लावणाऱ्यांच्या कातडीचे वार्धक्य दुसऱ्या गटाच्या मानाने २४ टक्क्यांनी कमी. त्याच परीक्षेत काहींना बीटा-कॅरोटीनच्या गोळ्याही दिल्या होत्या. त्यांचा काही परिणाम दिसला नाही.

इथे एक व्यवहाराची बाब. आपल्या १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यात औषध आणि प्रसाधन यांची व्याख्या निरनिराळी आहे. रूप खुलवण्यासाठी किंवा बदलण्यासाठी अंगाला चोळायचे, शिंपडायचे ते प्रसाधन. नव्या औषधाला बाजारात येण्यापूर्वी गुण सिद्ध करावा लागतो; प्रसाधनाला तसे बंधन नाही. म्हणून जाहिरातीची भाषा मोठी सावध असते. 'सुरकुत्या जातात' असे न म्हणता 'सुरकुत्या कमी दिसतात' म्हणतात, आणि 'शंभरातल्या नव्वद स्त्रियांना फरक जाणवला' असे छापतात. त्या नव्वदांच्या शेजारी कोऱ्या मलमाच्या स्त्रिया किती बसवल्या होत्या, ते छापत नाहीत. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, की कावळ्याचे वजन जाहिरातीत येते.

एवढे वाचल्यावर मला हात शिवशिवू लागले. लग्नात आतेबहिणीला वय लपवणाऱ्या मलमाची एक डबी भेट आली होती. एकसारख्या दोन डब्या घेतल्या. डॉक्टरांना विचारून एकीत ते मलम भरले, दुसरीत साधी पेट्रोलियम जेली. कोणत्या हाताला कोणती हे ठरवायला आतेबहिणीने नाणे उडवले, डब्यांवर 'डावा' आणि 'उजवा' लिहिले आणि चिठ्ठी देवळीत ठेवून दिली. मला ठाऊक नाही, आत्यालाही नाही. तोंडाला काही लावायला आत्या आता तयार नव्हतीच. हातांच्या पाठीला मात्र रात्री झोपताना लावायला कबूल झाली. "यात तुझी बावची नाही ना?" एवढे तिने दोनदा विचारून घेतले. तीन महिने तिने नेम चुकवला नाही. मग भाद्रपदात आम्ही ओसरीवर बसलो. ती दोन्ही हात उजेडात धरून म्हणाली, "डावा बरा." मलाही डावाच बरा वाटला. शेजारच्या दोघींना बोलावले. त्याही डावाच म्हणाल्या. चिठ्ठी उघडली. डाव्या हाताला मलम होते.

मी खूश झाले. आपली परीक्षा यशस्वी झाली, चार साक्षी मिळाल्या, व्यतिरेक पद्धती साधली! आत्या हसायला लागली. तिने दोन्ही हात माझ्यापुढे उपडे धरले आणि म्हणाली, "अगं, इळा मी कोणत्या हातानं धरते?"

त्या डब्या अजून देवळीत आहेत. या पावसाळ्यानंतर हात बदलून पुन्हा तीन महिने लावायचे असे आम्ही ठरवले आहे, आणि शेजारच्या दोघीही आपले हात द्यायला तयार आहेत. त्यातली एक डावखुरी आहे. आत्या आता रानात जाताना काकांचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट घालते आणि टापशी बांधते. गालावरचे डाग पुसट झाले आहेत, पण ते शर्टामुळे, टापशीमुळे, की नुसते दिवस गेले म्हणून, हे मला सांगता येणार नाही. कारण त्याची तुलना करायला दुसरी आत्या नाही.